कॅलिफोर्निया: डॉक्टरकडच्या फेऱ्यांचे मैल वसूल करा

कामावर दुखापत झाली की उपचारांसाठीच्या प्रवासाचा खर्च मालकाची कामगार-भरपाईची विमा कंपनी देते, पण सहसा मागितला तरच.

१. गाडीत बसल्या बसल्याच तारीख, दोन्ही पत्ते आणि जाऊन-येऊन झालेले मैल लिहा. मैल नकाशाच्या ॲपमधून घ्या. गोल आकडे दिसले की शंका येते.

२. औषधाच्या दुकानाची फेरी (हीच बहुतेकांची राहते), पार्किंग, टोल जोडा.

३. मैलाचा दर प्रवासाच्या तारखेनुसार ठरतो, दुखापतीच्या नव्हे: २०२४ मध्ये मैलाला ६७ सेंट, २०२५ मध्ये ७०. म्हणून जानेवारीपासूनच्या फेऱ्यांसाठी प्रवासखर्च मागण्याचा वेगळा फॉर्म भरा.

४. फॉर्म क्लेम ॲडजस्टरला (विमा कंपनीतर्फे तुमचा दावा हाताळणाऱ्याला) पाठवा.

पार्किंगच्या पावत्यांची शाई उडते. फोटो आधी काढून ठेवा.