सनई वाजते, पण मामा बोलतच नाही

एडिट केलेल्या व्हिडिओतून आवाज गायब झाला की ट्रॅक म्यूट आहे का, चुकून सोलो (बाकी सगळं गप्प करून एकच ट्रॅक वाजवणारं बटण) दाबला गेला का, ऑडिओ अनलिंक होऊन डिलीट झाला का, हे तुम्ही बघताच, त्यात मी वेळ घालवत नाही. एचडीएमआयनं मॉनिटर जोडला की विंडोज परस्पर आवाज मॉनिटरकडे वळवते आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो, हेही एव्हाना तुमच्यासोबत एकदा तरी झालं असेल. मी सांगतो ते वेगळं आहे. त्यात सॉफ्टवेअरची काहीच चूक नव्हती आणि मी १२ दिवस सॉफ्टवेअरलाच शिव्या देऊन राहिलो होतो.

आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं, नागपुरात मानेवाड्याकडे एका हॉलमध्ये. मी तेव्हा नंदनवनातल्या घरी सेकंडहँड पीसीवर एडिटिंग शिकून राहिलो होतो, मामा म्हणाला बाहेरचा व्हिडिओवाला कायले पाहिजे, आपलं पोरगं आहे ना. हॉलमधला गोंगाट नको म्हणून मी हुशारी केली, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून (सगळे माइक जिथं जोडतात ते मशीन) वायर थेट कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटमध्ये घेतली. वायर बर्डीवरून आणलेली, एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर (स्टेजवरच्या माइकच्या वायरीला असतो तो गोल कनेक्टर) आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी साडेतीन एमएमची स्टिरिओ पिन. फिट बसली, कॅमेऱ्याचा आवाजाचा मीटर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी हलला, मी खुश. मीटर दोन्ही बाजूंनी हलला हे लक्षात ठेवा, मी त्यातच फसलो.

रात्री जागून एडिट केलं, हेडफोन लावून, कारण घरचे झोपलेले. भाषणं कापली, खाली सनईचा ट्रॅक टाकला, एमपी४ काढली आणि फॅमिली ग्रुपवर लिंक टाकून झोपलो.

सकाळी मामाचा फोन, "काऊन बे, माझ्या भाषणाचा आवाज कुठं गेला? नुसती सनई वाजून राहिली." मी फाइल चालवली, हेडफोनवर ठणठणीत. ग्रुपवर विचारलं तर अजूनच गंमत, पुण्याची मावशी म्हणे मस्त ऐकू येते, मोठा दादा म्हणे काहीच नाही, काकू म्हणे लांबून कुणीतरी बाटलीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटते. एकच फाइल होती.

आता इथं माझा आधीचा अनुभव आडवा आला. घरच्या जुन्या डीव्हीडीतल्या फाइली टाइमलाइनवर टाकल्या की चित्र यायचं आणि आवाजाचा ट्रॅकच यायचा नाही, कारण डीव्हीडीत बहुतेक वेळा एसी-३ नावाच्या प्रकारात दाबलेला आवाज असतो (जुन्या एव्हीसीएचडी हँडीकॅमच्या एमटीएस फाइलींतही तोच) आणि ज्या एडिटरकडे त्याचा डिकोडर (तो उलगडणारा भाग) नाही त्याला तो दिसतच नाही. व्हीएलसी प्लेअर स्वतःचे डिकोडर घेऊन येतो म्हणून तिथं वाजतो. व्हीएलसीत आहे आणि एडिटरमध्ये नाही म्हणजे कोडेकचा (आवाज दाबायच्या-उलगडायच्या पद्धतीचा) घोळ, सरळ हिशोब. हँडब्रेक या फुकट कन्व्हर्टरमधून एएसी या चालू प्रकारातल्या आवाजाची एमपी४ काढा नाहीतर शॉटकट, केडेनलाइव्ह हे फुकट एडिटर वापरा, विषय संपला. लिनक्सवर दा विंची रिझॉल्व्ह या एडिटरचं फुकट व्हर्जन चालवणाऱ्यांना हेच दुखणं एएसी आवाजाचं असते, तिथं आवाज डब्ल्यूएव्ही करून घ्यावा लागतो.

तर एकदा कोडेकनं छळलं म्हणून याही वेळी कोडेकच असणार असं मी धरून चाललो. कोणत्यातरी साइटवरून कोडेक पॅक (अनेक कोडेकांचं एकत्र गाठोडं) टाकला, मग त्याच्यावर दुसरा, पीसी आधीपेक्षा स्लो. माझं स्पष्ट मत आहे, कोडेक पॅक हा प्रकार टाकूच नका, नक्की काय बिघडलं हे कळलं नसताना दहा औषधं एकदम घेण्यासारखं आहे ते. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका, फाइलमध्ये आवाज कोणता, किती चॅनेल (डावं, उजवं), सगळं दाखवते. मी ते पाहिलं, दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ, एएसी, सगळं शिस्तीत. तरी डोक्यात उजेड नाही. सनई वाजते आणि भाषण वाजत नाही म्हणजे एक्सपोर्ट करताना एक ट्रॅक सुटतो असं वाटून मी ११ वेळा एक्सपोर्ट केलं.

मग महाल भागात एक सीनियर आहे, लग्नाचे व्हिडिओ कापतो, त्याच्याकडे गेलो. त्यानं मान वर न करता सांगितलं, मोनो करून टाक, म्हणजे डावं-उजवं मिसळून एकच कर. घरी येऊन भाषणाचा ट्रॅक ऑडॅसिटी या फुकट ऑडिओ एडिटरमध्ये घेतला, मोनो केला आणि वेव्हफॉर्मची (आवाजाच्या लाटेच्या चित्राची) सपाट रेघ झाली. २० मिनिटांचं भाषण, एक रेघ. खरं सांगतो, पोटात गोळा आला. नशीब की कंट्रोल झेड होतं आणि ओरिजिनल क्लिप हार्डडिस्कवर होती. सीनियरचा राग नाही, पण न बघता उत्तर देणाऱ्याला गुरू करू नका, तो कितीही जुना असो.

कोडं सोडवलं त्याच साउंडवाल्या भाऊनं. त्याचं राहिलेलं सामान परत द्यायला गेलो होतो, सहज बोललो, तो तर्री पोह्यांची प्लेट हातात धरून हसायला लागला. "वायर कोणती लावली होती दाखव."

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा. एक्सएलआरमध्ये तीन पिना, १ ग्राउंड, २ वर आवाज, ३ वर तोच आवाज पण उलटा. उलटा म्हणजे लाट वर जाते तेव्हा हा खाली जातो. हे मुद्दाम केलेलं असतं, लांब वायरमध्ये जी घरघर शिरते ती दोन्ही तारांत सारखीच शिरते, समोरचं मशीन एकातून दुसरं वजा करते, घरघर कटते आणि आवाज उरतो. हे मशीनला कळते. माझ्या कॅमेऱ्याच्या साडेतीन एमएम सॉकेटला हे काही माहीत नाही, त्याच्यासाठी पिनेचं टोक म्हणजे डावा कान आणि त्याच्या मागची रिंग म्हणजे उजवा कान. माझ्या वायरीत पिन २ टोकाला आणि पिन ३ रिंगला जोडलेली. म्हणजे डावीकडे मामा, उजवीकडे उलटा मामा.

हेडफोनवर दोन कानांत दोन वेगळे आवाज जातात, त्यामुळे ऐकू येते, फक्त आवाज डोक्याच्या मधोमध न वाटता दोन्हीकडे पसरल्यासारखा, थोडा मागून आल्यासारखा वाटते (मला वाटलं वा, काय स्टिरिओ आहे, भैताडासारखा). पण ज्या फोनला एकच स्पीकर आहे तो डावं-उजवं एकत्र करतो. मामा अधिक उलटा मामा, उत्तर शून्य. सनई मी वेगळी टाकलेली, ती उलटी नव्हती, म्हणून ती वाचली. मावशी इअरफोन लावून ऐकत होती म्हणून तिला मस्त. काकूला बाटलीतला आवाज आला तो एन्कोडिंगमध्ये (फाइल दाबताना) डावं-उजवं तंतोतंत सारखं राहत नाही त्यामुळे उरलेला चोथा.

ओळखायचं कसं. क्लिप ऑडॅसिटीत टाका आणि खूप झूम करा, एका सेकंदाहूनही छोटा तुकडा दिसेल इतकं. वरच्या चॅनेलची लाट वर आणि खालच्या चॅनेलची बरोबर खाली, आरशात पाहिल्यासारखी दिसली की हेच आहे. झूम न करता कळत नाही, दोन्ही वेव्हफॉर्म सारखेच जाड दिसतात, मी १२ दिवस तेच बघून म्हणत होतो आवाज तर आहे ना.

दुरुस्ती पाच मिनिटांची, घाबरू नका, काहीही वाया गेलेलं नसते. मिसळायचं नाही, एक चॅनेल फेकायचं. प्रीमिअर या एडिटरमध्ये फिल राइट विथ लेफ्ट नावाचा इफेक्ट आहे तो टाका, रिझॉल्व्हमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन ऑडिओ मोनो करा आणि पहिलं चॅनेल निवडा, ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅक फोडून एक डिलीट करा. किंवा एका चॅनेलला इन्व्हर्ट मारा (त्याची लाट उलटी करा), तेही चालते. पण आधी मोनो मिक्स केलं आणि सेव्ह करून ओरिजिनल उडवलं तर मग कुणाचा बाप आणू शकत नाही, म्हणून कार्ड फॉरमॅट करायची घाई करू नका, क्लायंटनं पाहून हो म्हणेपर्यंत तर नाहीच.

आणि फाइल द्यायच्या आधी मोनोत ऐका. विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असं बटण आहे, अँड्रॉइडमध्येही आहे, ते चालू करून हेडफोनवरच ऐकलं तरी कळते. नाहीतर घरातला सगळ्यात स्वस्त एक स्पीकरवाला फोन घ्या. महागडे स्टुडिओ मॉनिटर स्पीकर नाहीत म्हणून रडत बसलेली पोरं मी पाहतो, अरे मला आईच्या जुन्या फोननं जे सांगितलं असतं ते हेडफोननं सांगितलं नाही.

वायर बदलायची असेल तर दुकानात नुसतं एक्सएलआर टू साडेतीन मागू नका, पिन २ टोक आणि रिंग दोन्हीला जोडलेली मोनो वायर पाहिजे असं सांगा, आणि पिन ३ चं काय करायचं ते तुमच्या मिक्सरवाल्याला विचारा, ते आउटपुटवर ठरते. माझ्या जुन्या वायरीला मी लाल टेप गुंडाळून ठेवला आहे.

बाकी दोन गोष्टी पटकन. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डरमध्ये माइक आणि सिस्टीमचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केला असेल तर साधा प्लेअर पहिलाच ट्रॅक वाजवतो, बाकीचे गायब वाटतात. आणि काही कॅमेऱ्यांच्या स्लो मोशन मोडमध्ये आवाज रेकॉर्डच होत नाही, तो शोधत बसू नका.

तेराव्या दिवशी मामाला फाइल परत पाठवली. रात्री त्याचा फोन आला, पूर्ण २० मिनिटं ऐकलं म्हणे, दोनदा. मी वाट पाहून राहिलो होतो की काहीतरी चांगलं बोलेल.

"सनई जरा जास्त झाली बे," मामा म्हणाला.