दाढेचा ‘फोटो’ काढायचाय? सुरुवात घरून करा

दवाखान्यात आलेल्या लग्नपत्रिका मी रद्दीत देत नाही. त्यांचा जाड कागद लहान तुकडे करायला उत्तम. ३५ मिलिमीटर लांब, २२ रुंद. दाताच्या एक्स-रेसाठी मुलांच्या तोंडात जाणारी सगळ्यात लहान फिल्म एवढीच असते. कोपरे गोल कापून असा एक तुकडा मी एक्स-रेच्या आधी आईच्या हातात देते. काय करायचं त्याचं, ते पुढे सांगते. आधी एक्स-रे हवाच का, ते बघू.

“एवढ्याशा पोराला एक्स-रे कशाला?” हे मी रोज ऐकते. प्रश्न रास्त आहे. दुधाच्या मागच्या दोन दाढा एकमेकींना चिकटलेल्या असल्या की मधल्या फटीत ना ब्रश पोचतो, ना माझा आरसा. कीड तिथे लागली तर वरून दाढ धडधाकट दिसते आणि एक दिवस पोळी खाताना खड्डाच पडतो. दाढांमध्ये मोकळी जागा असेल, आरशात सगळं दिसत असेल, तर मी एक्स-रे काढत नाही. कीड चटकन लागणाऱ्या मुलांचा ६ ते १२ महिन्यांनी, बाकीच्यांचा १२ ते २४ महिन्यांनी काढला तरी चालतो. तेव्हा दर भेटीला ‘रूटीन’ म्हणून कुणी काढत असेल तर सरळ विचारा : “यात काय शोधताय, आणि नाही काढला तर काय राहून जाईल?”

आजीचं म्हणणं ठरलेलं, “दुधाचीच दाढ, पडणारच आहे.” पडणार खरी, पण मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. तोवर ठणकत ठेवायची का?

मार लागला असेल तर मात्र थांबू नका. सायकलवरून पडलेला एक मुलगा आला होता. पुढचा दात अर्धा तुटलेला, ओठ टम्म सुजलेला, आणि दाताचा तुकडा कुठेच सापडेना. ओठाचाच एक्स-रे काढला. तुकडा तिथे रुतून बसला होता.

रेडिएशनचं म्हणाल तर डिजिटल सेन्सरवरच्या (फिल्मऐवजी तोंडात ठेवतात ती पट्टी) एका छोट्या एक्स-रेचा डोस काही मायक्रोसिव्हर्ट असतो; मायक्रोसिव्हर्ट हे रेडिएशन मोजायचं माप. माती, हवा, आकाश यांतून आपल्याला रोज सरासरी सहा-सात मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. तरी मुलांचं शरीर वाढतं असतं, म्हणून हवे तेवढेच काढायचे. शिशाचा एप्रन हल्ली लागत नाही, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितलं. मी मुलांना अजून घालते, कारण त्यांना तो आवडतो. अफझलखानाच्या भेटीला महाराजांनी घातलं होतं तसं चिलखत, म्हटलं की पोरगं ताठ बसतं.

आता तो तुकडा. दोन-तीन दिवस आधीपासून, जेवणाआधी (जेवणानंतर नको), स्वच्छ तुकड्याचं एक टोक स्वतःच्या चिमटीत घट्ट धरून दुसरं टोक मुलाच्या दाढांमध्ये ठेवा. “चाव, आता पुतळा हो,” म्हणा आणि पाच आकडे मोजा. तुकडा मुलाच्या हातात देऊन निघून जाऊ नका, आणि भिजून मऊ झाला की टाकून द्या. खरा सेन्सर याहून जाड आणि कडक असतो, त्याला वायर असते, हेही सांगून ठेवा. “काही दुखणार नाही” मात्र म्हणू नका. त्यातलं ‘दुखणार’ तेवढं मुलाच्या कानात राहतं. “दाताचा फोटो काढायचाय,” एवढं पुरे.

ओकारी येणाऱ्या मुलाला भरल्या पोटी आणू नका. खुर्चीत मी त्याला एक पाय उचलून धरायला लावते आणि नाकाने श्वास घ्यायला सांगते. जिभेच्या शेंड्यावर चिमूटभर मीठ ठेवते. हसू नका, बऱ्याच जणांना चालतं. सुरुवात पुढच्या दातापासून, कारण तो सोपा. खालच्या दाढेला सेन्सर जिभेखाली टोचतो, म्हणून ती शेवटी. यंत्र चालतं ते सेकंदाचा छोटासा भाग. नवखी असताना घाईत मी एका मुलाला धरून ठेवून एक्स-रे काढला होता. पुढचे सहा महिने त्याने माझ्यासमोर तोंड उघडलं नाही. आता नाही जमलं तर परत बोलावते. अगदी लहान मुलाला धरावंच लागलं तर बाबांनी एप्रन घालून धरावं. आई गरोदर असेल तर तिने खोलीबाहेर थांबावं.

चित्र स्क्रीनवर आलं की मुलाला दाखवायला सांगा. दुधाच्या दाढेखाली पक्की दाढ तयार होताना दिसते. “ही कधी उठणार?” असं एका मुलीने मला विचारलं होतं.

निघताना एक्स-रेची प्रत मागून घ्या, नाव आणि तारखेसकट, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी तोच पुन्हा काढावा लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आला तर तो धूसर होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.