सम्राट कॉन्स्टंटाइनचे धर्मांतर कसे अभ्यासावे

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन नेमका कोणत्या दिवशी ख्रिस्ती झाला, या प्रश्नापासून त्याच्या अभ्यासाला सुरुवात करू नये. एकच दिवस शोधू लागले की प्रत्येक पुरावा त्या दिवसाकडे ओढला जातो. त्याऐवजी साधने ज्या क्रमाने निर्माण झाली त्या क्रमाने मांडावीत आणि घटनेच्या सर्वांत जवळचे साधन आधी वाचावे.

चरित्राची चौकट थोडक्यात लक्षात ठेवावी: जन्म आजच्या सर्बियातील निश येथे, ३०६ मध्ये पित्याच्या मृत्यूनंतर यॉर्कला सैन्याकडून सम्राट म्हणून घोषणा, ३२४ मध्ये पूर्वेचा सहसम्राट लिसिनियस याचा पराभव करून एकछत्री सत्ता आणि ३३७ मध्ये मृत्यू.

सर्वाधिक वेळ २८ ऑक्टोबर ३१२ च्या मिल्व्हियन पुलाच्या लढाईला द्यावा. या लढाईत प्रतिस्पर्धी मॅक्सेंटियस टायबर नदीत बुडाला. काही वर्षांतच लिहिणारा ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियस सांगतो की ढालींवर पवित्र चिन्ह काढण्याचा आदेश सम्राटाला स्वप्नात मिळाला. सम्राटाच्या मृत्यूनंतर चरित्र लिहिणारा बिशप युसेबियस मात्र भर दिवसा आकाशात, सूर्याच्या वर, प्रकाशमय क्रूस दिसल्याचे खुद्द सम्राटाच्या तोंडून ऐकल्याचे नमूद करतो. त्याच युसेबियसने पूर्वी लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात या दृश्याचा उल्लेखही नाही. या दोन कथा एकत्र करून तिसरी रचण्याचा मोह टाळावा. त्यानंतर रोममधील ३१५ ची विजयकमान पाहावी. तिच्यावरील लेखात ‘दैवी प्रेरणेने’ एवढेच म्हटले आहे, ख्रिस्ताचे नाव नाही. नाण्यांवर तर अजिंक्य सूर्यदेव पुढे अनेक वर्षे झळकत राहिला. याला ढोंग म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्याची बहुसंख्य प्रजा आणि सैन्य जुन्या देवतांना मानत होते, त्या राज्यकर्त्याची ती सावध भाषा होती.

कायदे वाचताना त्यांत जे लिहिले आहे तेवढेच घ्यावे. मिलानच्या ३१३ मधील धोरणाने सर्वांना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक दिली आणि चर्चची जप्त मालमत्ता परत करण्यास सांगितले. ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला तो ३८० मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या काळात. तसेच ३२५ च्या निकिया येथील बिशपांच्या धर्मसभेत बायबलमधील ग्रंथ ठरवले गेले नाहीत. तिथला मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या, पुत्र (ख्रिस्त) हा पित्याने (देवाने) निर्माण केलेला आहे, या मताविषयी होता.

अडचणीच्या गोष्टी वगळू नयेत. ३२६ मध्ये सम्राटाने आपला थोरला मुलगा क्रिस्पस याला ठार करवले. युसेबियसने लिहिलेल्या चरित्रात याबद्दल अवाक्षर नाही. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा जलविधी, त्याने मृत्युशय्येवर घेतला, परंतु बाप्तिस्म्यानंतर पाप घडू नये म्हणून तो लांबवण्याची प्रथा त्या काळी होतीच, त्यामुळे केवळ यावरून श्रद्धेचे माप काढू नये. बाप्तिस्मा देणारा निकोमीडिया शहराचा बिशप युसेबियस चरित्रकाराहून वेगळा होता, हेही टिपून ठेवावे.

वारशाकडे वळताना ३३० मध्ये प्रतिष्ठापना झालेले कॉन्स्टँटिनोपल आणि पुढे कित्येक शतके टिकलेले सोन्याचे सॉलिडस नाणे यांच्यापासून प्रारंभ करावा. त्याच्या नावाने प्रचलित झालेले, पश्चिमेची सत्ता पोपला बहाल करणारे दानपत्र मात्र स्वतंत्र ठेवावे: ते आठव्या शतकाच्या सुमारास रचलेले बनावट दस्तऐवज असून, त्यातील लॅटिन भाषा चौथ्या शतकाची नाही हे इटालियन विद्वान लोरेंझो व्हाला याने १४४० मध्ये दाखवून दिले.