मिरचीचं बी घरात रुजवताना: मोड येईपर्यंत आणि त्यानंतर

इंदूरला जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या आसपास उतरतो आणि मिरचीच्या बियांना हवी २५ ते ३० डिग्रीची ऊब, त्यामुळे गच्चीतल्या कुंडीत बी टाकलं की तीन-तीन आठवडे काही दिसत नाही आणि मग आपण म्हणतो बीच खराब निघालं. बी बिचारं बरं असतं हो, गारठ्यात पडून कुजतं, म्हणून घरात रुजवा.

खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या मिरची मंडीतून आलेल्या निमाडी लाल मिरचीतलं बी चालतं, फक्त ती हायब्रिड असली तर झाडं तशीच निघतील याचा भरवसा नाही. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध लावलेलं असतं, ते भिजवत बसू नका, सरळ पेरा आणि हात साबणाने धुवा.

घरचं बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं. मग टिश्यू ओला करून नीट पिळायचा (पाणी टपकायला नको), त्यात बी पसरून झाकणाच्या डब्यात घालायचं आणि डबा सेट टॉप बॉक्सवर ठेवायचा, तिथे छान ऊब असते. मटकीला मोड आणतो तसंच, पण मटकी एका दिवसात येते आणि मिरची आठवडा घेते, कधी दोन, धीर धरा. रोज एकदा झाकण उघडून वारा द्या. पांढरं मूळ अर्धा सेंटीमीटर झालं की बी सालीकडून उचला, मूळ चिमटीत धरलं तर गेलंच ते.

चहाच्या कागदी कपांना खाली भोकं पाडा, तीन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग गांडूळखत भरा. आपली माळव्याची काळी माती इथे नको, ओली असली की चिकटते आणि वाळली की भेगा पडून कोवळी मुळं तुटतात. बी अर्धा सेंटीमीटर खोल, वर हलकं कोकोपीट, बस.

आता खरी गोष्ट. मान वाकवून हिरवा कोंब वर आला की ऊबेपेक्षा उजेड महत्त्वाचा, आणि तो त्याच दिवसापासून. खिडकीतली रोपं उजेडाकडे झुकत लांब, फिकट, दोऱ्यासारखी होतात, नंतर ती सावरत नाहीत. मी साधी २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर चार-पाच इंचांवर बांधते, रोज १४ ते १६ तास चालू. कोंबाच्या डोक्यावर बियाची टोपी अडकून राहिली तर ओढू नका, पाण्याचा थेंब सोडा आणि अर्ध्या तासाने बोटाने अलगद सरकवा.

पाण्याने सगळ्यात जास्त रोपं मरतात. मागच्या वर्षी संध्याकाळी टवटवीत बघितलेली माझी अकरा रोपं सकाळी आडवी पडलेली होती, पानं हिरवीगार आणि खोड मात्र मातीलगत बारीक, पाणचट, काळपट झालेलं. ही बुरशी, सतत ओल आणि कोंडलेली हवा असली की येते, एकदा आडवं पडलेलं रोप परत उठत नाही, खूप वाईट वाटलं मला. तेव्हापासून वरून पाणी बंद. कप ताटलीत ठेवून खालून पाणी पाजते, वरचा थर सुकला आणि कप हलका लागला की मगच, १५-२० मिनिटांनी उरलेलं पाणी ओतून देते. दिवसातून दोन-तीन तास टेबल फॅन दुरून, पानं जेमतेम हलतील इतकाच. नळाला क्लोरीनचा वास येत असला तर पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवा.

पहिली दोन गुळगुळीत पानं म्हणजे बियातलीच, फक्त तीच असेतो वरून खत अजिबात नाही. खरी पानं दोन-चार झाली की गांडूळखताचं पाणी चहाच्या रंगाइतकं पातळ करून आठवड्यातून एकदा.

साधारण ४० दिवसांत पाच-सहा पानं होतात. मग लगेच गच्चीत ठेवू नका, सकाळचं कोवळं ऊन पहिल्या दिवशी एक तास, मग रोज थोडं वाढवत आठवडाभर. मार्चच्या सुरुवातीला हे उरकलं पाहिजे, नंतर इथलं ऊन कोवळ्या पानांना पोळतं. कुंडीत लावायचं ते संध्याकाळी, आणि कपात होतं तितक्याच खोल.