शिंदे की सिंधिया? एकाच आडनावाच्या राजकारण्यांची सूची करताना

ग्वाल्हेरच्या एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी किंवा ग्रंथालयाच्या कपाटासाठी ‘शिंदे आडनावाचे लोकप्रतिनिधी’ अशी सूची करायची म्हटली, की पहिली अडचण आडनावाचीच येते. मराठी कागदपत्रांत शिंदे, हिंदी वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या नोंदींत सिंधिया. दोन्ही रूपांखाली पूर्ण नोंदी केल्या तर एकच माणूस दोनदा मोजला जातो. म्हणून आधी ठरवून टाकावं: ग्वाल्हेरच्या घराण्यातली संस्थानकाळातली माणसं ‘शिंदे’खाली, निवडणूक लढवलेली ‘सिंधिया’खाली, उरलेल्या रूपापुढे फक्त ‘पाहा’ लिहावं. कुंपणावरची मंडळी थोडीच असतात. ग्वाल्हेरचे संस्थानिक जिवाजीराव १९४८ ते १९५६ मध्य भारत या तेव्हाच्या राज्याचे राजप्रमुख होते, पण ते पद निवडणुकीचं नव्हतं. त्यांना ‘शिंदे’खालीच ठेवावं आणि पदाच्या रकान्यात ‘राजप्रमुख’ असं स्पष्ट लिहावं, ‘राज्यपाल’ नव्हे.

तक्त्यात दहा रकाने पुरतात: आडनाव, नाव, वडील किंवा पती, जन्म-मृत्यू, पद, सभागृह, मतदारसंघ, पक्ष, कालावधी, आधार. माणसाला एक ओळ न देता प्रत्येक कारकिर्दीला एक ओळ द्यावी. हे वेळखाऊ आहे, पण याला पर्याय नाही. माधवराव सिंधिया १९७१ मध्ये गुना मतदारसंघातून जनसंघाचे, १९७७ मध्ये अपक्ष आणि १९८० मध्ये काँग्रेसचे खासदार होते. १९८४ मध्ये ते ग्वाल्हेरात आले आणि अटलबिहारी वाजपेयींना हरवून निवडून आले. १९९६ मध्ये तीच जागा त्यांनी मध्य प्रदेश विकास काँग्रेसकडून जिंकली आणि १९९९ मध्ये पुन्हा काँग्रेसकडून गुन्यात गेले. हे सगळं एका ओळीत कोंबलं की ‘काँग्रेसचे खासदार’ एवढंच उरतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं.

वडिलांचं नाव हा सूचीतला सर्वांत उपयोगी रकाना, आणि घाईत नेमका तोच रिकामा सोडला जातो. ग्वाल्हेरच्या घराण्यात नावं आजोबांकडून नातवाकडे फिरतात. माधवराव दोन: पहिले १८७६ ते १९२५, संस्थानिक, दुसरे १९४५ ते २००१, केंद्रीय मंत्री. पहिल्यांचे वडील जयाजीराव, दुसऱ्यांचे जिवाजीराव. हिंदीत जियाजी, जीवाजी, जयाजी ही रूपं एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत, की मधल्या नावाचं एक अक्षर चुकलं तरी नातू आजोबांच्या जागी जाऊन बसतो. जनकोजीही दोन आहेत: एक पानिपतानंतर १७६१ मध्ये मारले गेलेले, दुसरे १८२७ ते १८४३ गादीवर असलेले. तेव्हा मधलं नाव आणि साल दोन्ही जुळल्याशिवाय ओळ पक्की करू नये.

बायकांच्या बाबतीत याच रकान्यात घोटाळा होतो, कारण मतदार यादीत कधी पतीचं नाव असतं, कधी वडिलांचं. नावापुढे ‘व’ किंवा ‘प’ अशी खूण करावी. विजयाराजेंपुढे जिवाजीराव पती म्हणून येतील, यशोधराराजेंपुढे तेच वडील म्हणून. ‘राजे’ हे आडनाव नव्हे, हे टंकलेखकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर वसुंधरा राजे ‘र’खाली जातात आणि विजयाराजे व त्या, या आई-मुलगी, सूचीच्या दोन टोकांना सापडतात. वसुंधरा राजेंचे चिरंजीव दुष्यंत सिंह हे झालावाडचे खासदार. आडनाव वेगळं असल्यामुळे ते या सूचीत येत नाहीत. फार तर आईच्या ओळीखाली एक ‘पाहा’ द्यावं.

आता नात्याचा प्रश्न. आडनाव एक म्हणून घराणं एक, असं गृहीत धरणं ही या कामातली सर्वांत मोठी चूक. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं मूळ गाव साताऱ्याजवळचं कण्हेरखेड. एकनाथ शिंदे यांचं दरे हे गावही सातारा जिल्ह्यातलंच. जिल्हा जुळला म्हणून नातं जोडून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडे कागद मागावा. सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे. एकनाथरावांप्रमाणे तेही महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, २००३-०४ मध्ये. पण दोघांत नातं नाही. बाप-लेक म्हणून जोडता येतात ते सुशीलकुमार आणि प्रणिती, किंवा एकनाथ आणि श्रीकांत. आणि गंमत अशी, की इंदूरच्या अहिल्याबाई होळकर माहेरच्या शिंदे, चौंडीच्या! त्यांनाही कोणी उत्साहाने ग्वाल्हेरच्या पानावर नेऊन बसवतं. आधार म्हणून सभागृहाच्या सदस्य-परिचयातली नोंद किंवा उमेदवाराचं शपथपत्र धरावं. दोन्हीत नात्याचा उल्लेख नसेल तर नातं लिहू नये, रकाना कोरा ठेवावा.

मतदारसंघाच्या रकान्यात नुसतं ‘ग्वाल्हेर’ लिहून भागत नाही. त्या नावाची लोकसभेची जागा आहे तशी विधानसभेचीही आहे. शिवाय २००८च्या फेररचनेआधी शहरात लष्कर पूर्व, लष्कर पश्चिम असे मतदारसंघ होते. नंतर ग्वाल्हेर पूर्व, ग्वाल्हेर दक्षिण अशी नावं आली. सभागृह आधी लिहावं, मग जागा, आणि जुनी नावं त्या निवडणुकीच्या वेळी होती तशीच ठेवावीत.

गुन्याच्या ओळी दोनदा तपासाव्यात. तेराव्या लोकसभेत या एकाच जागेपुढे दोन सिंधिया येतात. १९९९ मध्ये माधवराव निवडून आले. ३० सप्टेंबर २००१ रोजी विमान अपघातात त्यांचं निधन झालं आणि २००२च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव ज्योतिरादित्य आले. नुसतं ‘सिंधिया, गुना, तेरावी लोकसभा’ लिहिलं तर ही पुनरुक्ती समजून मुद्रितशोधक एक ओळ हमखास उडवतो. ‘पोटनिवडणूक’ हा शब्द ओळीतच हवा. विजयाराजेही २००१ मध्येच, जानेवारीत गेल्या, त्यामुळे मृत्यूच्या तारखांचीही अदलाबदल होते. याच जागेचं १९६७ सालही नीट पाहावं: विजयाराजे तिथून ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाच्या पक्षातर्फे जिंकल्या, पण करैऱ्याची विधानसभेची जागा ठेवून त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. पोटनिवडणुकीत आचार्य कृपलानी आले. विजय एकीकडे आणि कारकीर्द दुसरीकडे, अशी ही ओळ आहे.

महाराज, श्रीमंत, राजमाता ही संबोधनं नावाआधी लिहिली की वर्णानुक्रम बिघडतो. हवीच असतील तर शेवटी कंसात द्यावीत. ‘महाराज’ म्हणजे कोण, हे तर कुठल्या वर्षीचं वर्तमानपत्र हातात आहे त्यावर ठरतं.

वर्णानुक्रम संगणकावर सोडलात तर शिंदे आणि शिन्दे ही त्याला दोन आडनावं वाटतात. क्रम लावण्याआधी शोधून-बदलून सगळीकडे अनुस्वाराचंच रूप करून घ्यावं. जिवाजी-जीवाजीचंही तसंच: मराठी नोंदीत ऱ्हस्व ‘जि’ ठेवलात तरी विद्यापीठाचं नाव ‘जीवाजी’ असंच राहू द्यावं, कारण ती संस्थेची पाटी आहे. ‘शिंदे’खालच्या ‘पाहा’ नोंदीत ज्योतिरादित्य हे जनकोजी, जयाजीराव, जिवाजीराव यांच्यानंतर येतात, जोडाक्षर शेवटी. छपाईआधी शेवटची फेरी मधल्या नावाच्या रकान्यावरून खालपर्यंत बोट फिरवत करावी, आडनावाच्या नव्हे.