इंग्लिश बोलताना समोरचा सारखं 'सॉरी?' म्हणतो? मग हे करून बघा

अ‍ॅक्सेंट बदलायच्या मागे लागू नका, आपला मराठी टोन राहिला तरी चालतं, आधी जोर कुठे द्यायचा ते बघा. आपण सगळे अक्षरं सारख्याच वजनाने बोलतो आणि तिथेच घोळ होतो. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर पण फोटोग्राफर म्हणताना तो 'टॉ'वर, म्हणजे साधारण फटॉग्रफर, आणि फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. नवीन शब्द शिकला की डिक्शनरी अ‍ॅपमध्ये स्पीकरचं बटण दाबून ऐकायचाच.

मग व. आपल्याकडे एकच व, त्यामुळे द्राक्षाचा वेल (vine) पण वाइन आणि प्यायची (wine) पण वाइन 😄 वेलाच्या वेळी वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, प्यायच्या वेळी दात लांब ठेवून ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल.

पार्क, टी, कार यांची सुरुवात जरा हवा सोडून करा, तोंडासमोर हात धरला की कळेल, नाहीतर गोऱ्यांना पार्कचं बार्क ऐकू येतं. स्पोर्ट, स्टॉपमध्ये मात्र हवा नको.

प्रॅक्टिसला मोबाईलचं व्हॉइस टायपिंग बेस्ट, फक्त भाषा ब्रिटिश किंवा अमेरिकन इंग्लिश ठेवा, इंडियन ठेवलं तर तो बिचारा बरंच सांभाळून घेतो.