स्वतःचा तंबू, स्वतःचं ओझं: इंदूरहून लांबच्या ट्रेकला निघताना या चुका टाळा

इंदूरहून हिमालयात आठ-दहा दिवसांच्या ट्रेकला जाणाऱ्यांची अडचण अशी की सामान पारखून बघायला जवळपास ना थंडी, ना उंची. जानापावचा डोंगर साडेआठशे मीटरच्या आसपासचा. त्यामुळे घरी केलेली चूक कळते ती साडेतीन हजार मीटरवर, रात्री, बोटं गारठलेली असताना.

बॅग ‘मायनस पाच’ची, तरी थंडी वाजते

स्लीपिंग बॅगवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. विकताना बहुधा यांतला सगळ्यात थंड आकडा पुढे केला जातो. एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल अशी हद्द, तिथे झोप लागत नाही. लिमिट हा अंग आखडून झोपलेल्या पुरुषाचा हिशोब, तर कम्फर्ट सैल झोपलेल्या स्त्रीचा. कोणीही असा, बॅग कम्फर्टचा आकडा बघूनच घ्या आणि तो अपेक्षित तापमानाच्या चार-पाच अंश खालचा असू द्या.

एवढं करूनही कुडकुडत असाल तर खालची मॅट बघा. अंगाखाली दबलेल्या पिसांत हवा राहत नाही, म्हणून पाठीखाली बॅगचा उपयोग जवळजवळ शून्य. जमिनीचा गारठा अडवते ती मॅट. तिची आर-व्हॅल्यू, म्हणजे गारठा अडवण्याची ताकद सांगणारा आकडा, तपासा: तापमान शून्याच्या खाली जाणार असेल तर 4 किंवा जास्त हवी. घडीची फोम मॅट साधारण 2 देते आणि योगा मॅट त्याहून बरीच कमी. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. हवेची मॅट वर आणि पातळ फोम खाली, ही जोडी आम्हांला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण हवेची फुटली तरी रात्र निभावते.

तिसरं कारण ओलावा. तोंड बॅगमध्ये खुपसून झोपलं की श्वासाची वाफ पिसांत मुरते, पिसांच्या गुठळ्या होतात आणि चौथ्या-पाचव्या रात्री तीच बॅग पातळ वाटू लागते. तोंड बाहेर ठेवा, कानटोपी घाला. सकाळी ऊन आलं की बॅग उलटी करून अर्धा तास पसरा. घरी परतल्यावर ती दाबून पिशवीत कोंबू नका, कपाटात सैल टांगा.

तंबू गळतो की घामेजतो?

सकाळी आतून पाणी दिसलं की तंबू गळतो असं ठरवून टाकू नका. कापडभर बारीक थेंब असतील तर ते आपल्याच श्वासाचं पाणी. शिवणीपासून एकच ओघळ आला असेल तर मात्र गळती, ती सीम सीलरने बंद होते.

घामेजण्यावर उपाय म्हणजे थंडी असली तरी हवेच्या खिडक्या उघड्या ठेवणं. नायलॉन भिजलं की सैल पडतं आणि बाहेरचं कापड आतल्याला चिकटतं, म्हणून झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणा. नदीकाठच्या सखल जागेत गार, दमट हवा साचते. थोडं वर चढून तंबू लावा. तंबूखालचं प्लॅस्टिक बाहेर डोकावत असेल तर पावसाचं पाणी थेट तुमच्या खाली येईल, त्याच्या कडा आत दुमडा. तंबूत स्वयंपाक तर करूच नका. वाफेचं सोडा, शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅस आणि जेवण

गॅसचा डबा रेल्वेतही चालत नाही आणि विमानातही. तो डेहराडून, ऋषिकेश किंवा मनालीला पोचल्यावरच घ्या आणि त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. निव्वळ ब्यूटेनचा डबा नको: ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायूच होत नाही, त्यामुळे भरलेला डबाही पहाटे ‘संपल्यासारखा’ वागतो. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण मागा. रात्री डबा बॅगमध्ये घेऊन झोपा. वारा नसेल तर लिटरभर पाण्याला साधारण 12 ते 15 ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात हिशोब सहज दुप्पट होतो. मात्र डब्यावर बसणाऱ्या शेगडीला चहूबाजूंनी पत्र्याचा आडोसा करू नका, डबा तापून फुटू शकतो.

साडेतीन हजार मीटरवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय तूरडाळ तिथे शिजत नाही, गॅस तेवढा संपतो. मसूर किंवा मुगाची डाळ न्या. आपले पोहे तर न शिजवताच होतात: कोमट पाण्यात भिजवा, वर शेव आणि जीरावन मसाला. शेव वजनाच्या मानाने भरपूर ऊर्जा देते, फक्त रोजची वेगळी पुडी बांधा. मोठी पिशवी एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी सादळते.

पाण्याचा पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरला की रात्री उबेत ठेवा. आतलं पाणी गोठलं तर तंतू चिरतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शंका असेल तर उकळा. दोन हजार मीटरच्या वर खळखळून तीन मिनिटं.

पाठपिशवी, शूज

खांदे दुखत असतील तर बहुधा पट्टे उलट्या क्रमाने बांधलेत. आधी कमरपट्टा, कमरेच्या हाडांवर घट्ट. मग खांद्याचे, मग वरचे ताणपट्टे, शेवटी छातीचा. जड वस्तू पाठीला लागून, मध्यावर. रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, म्हणून आत जाड प्लॅस्टिकची पिशवी हवीच. सगळं भरून वजन करा. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरलं तर काहीतरी काढा.

तीन-चार वर्षं माळ्यावर पडलेले शूज थेट ट्रेकला नेऊ नका. तळव्यातलं पॉलियुरेथेन दमट हवेत, न वापरताही, कुजतं आणि चालताना तळ सुटून येतो. माळव्याचा पावसाळा त्याला पुरतो. तंबूचा आतला लेपही याच कारणाने चिकट होतो. निघण्याआधी महिनाभर भरलेली पाठपिशवी घेऊन त्याच शूजमध्ये राळामंडल किंवा जानापाव चढा-उतरा. उतरताना अंगठा पुढे आपटत असेल तर लेस घोट्यापाशी घट्ट करून बघा. तरी आपटलाच तर अर्धा नंबर मोठा घ्या. वाटेत पायाला कुठे चटका जाणवला की फोड येण्याची वाट न पाहता तिथेच थांबून टेप लावा. काठीला दोन मीटर डक्ट टेप गुंडाळून ठेवला की सुटलेला तळ आणि फाटलेला तंबू, दोन्ही खाली येईपर्यंत टिकतात.